चालेल

पैलवान सहा महिने विश्रांती घेणार, ही बातमी आमच्या कुस्तीशौकिनांच्या ग्रुपवर मीच टाकली. कराडला हाडाच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून, एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत. ‘काळजी नसावी. डॉक्टरांशी मी स्वतः बोललो. सहा महिने विश्रांती, मग चालेल. माती आपलीच.’ खाली हात जोडल्याची दोन चित्रं आणि दंडाची बेटकुळी फुगवल्याचं एक. तासाभरात तो मेसेज पलूसपासून पार साताऱ्यापर्यंत फिरला आणि फिरून माझ्याच फोनवर तीनदा आला, खाली भलत्याच माणसांची नावं लावून. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी म्हटलं, फिरू दे. जेवढ्या लोकांना कळेल तेवढं ते पक्कं होईल, असं काहीतरी खूळ माझ्या डोक्यात होतं.

माझी पिठाची गिरणी आहे, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. तीस वर्षं झाली. गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, आणि तीस वर्षं ओरडल्यावर माणसाला हळू कसं बोलायचं ते आठवत नाही. बायको म्हणते, ‘आवं, मी काय पल्याडच्या काठावर हाय व्हय?’ मयताला गेलो तरी माझं कुजबुजणं चार घरांना ऐकू जातं. ह्या घशाचा आयुष्यात एकाच जागी उपयोग झाला, तो कुस्तीच्या मैदानात. हलगी कडाडत असली, माईकवर निवेदक बोंबलत असला, तरी माझी आरोळी आखाड्यात पोचायची. कुठल्याही गावच्या जत्रेला गेलो की कडेची जागा आपसूक मिळायची. ‘मामा आलं, सरका रं,’ म्हणायचे लोक. ह्याचा मला लय अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

आणि ती आरोळी होती एकाच माणसासाठी. तो आमच्या गावचा नव्हता, भावकीतला नव्हता. नदीपलीकडच्या एका वाडीतला. पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. समोरचा गडी त्याच्या दीडपट. ह्यानं त्याला पाचव्या मिनिटाला ढाकेच्या डावावर उचलला आणि चितपट केला. लोक नाचायला लागले, कुणीतरी खांद्यावर घ्यायला धावलं. तर हा त्यांना चुकवून मागं फिरला, पडलेल्याला हात देऊन उठवलं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडली. कुस्तीत पाठीला माती लागली म्हणजे हरला. ती तशीच घेऊन हजार माणसांतून चालत बाहेर जावं लागतं बिचाऱ्याला. ह्यानं ती झाडली, पुसली, पाठ स्वच्छ केली आणि मग त्याला सोडलं. मी शेजारच्याला म्हटलं, ‘ह्यो माझा पैलवान.’ त्यानंतर दहा-अकरा वर्षं त्याची एकही कुस्ती मी चुकवली नाही, आणि जिंकलेल्या एकाही कुस्तीत तो समोरच्याची पाठ झाडायला विसरला नाही.

लेक वाईला दिलीय. तिच्या पोराच्या बारशाला मी गेलो नाही, त्या दिवशी पैलवानाचं मैदान होतं. बायको एकटी गेली, दोन एसट्या बदलून. परत आल्यावर म्हणाली, ‘सवत परवडली. ती निदान घरात तरी दिसली आसती.’ चूक होती माझी. पण खरं सांगायचं तर मला त्या बारशाचं वाईट वाटलं ते नंतर, कितीतरी नंतर. तेव्हा मी खुशीत होतो, कारण पैलवान जिंकला होता. कुस्तीआधी मल्ल आखाड्याला फेरी मारतात, लोकांना हात लावतात. फेरीत तो मला डोळ्यानं हुडकायचा. मी दिसलो की मान हलवायचा. सांगलीच्या तालमीत बदामाची पिशवी घेऊन गेलो की म्हणायचा, ‘मामा, बदाम ऱ्हाऊ द्या. तुमचा आवाज आला की दम येतोय बगा.’ एवढं बोलला की मी चार दिवस हवेत.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कराडच्या अलीकडं एका गावात जत्रेचं मैदान होतं. शेवटची, मानाची कुस्ती आमच्या पैलवानाची, दिल्लीकडच्या एका धिप्पाड मल्लाशी. मी दुपारी तीनलाच जाऊन मांडीखाली टॉवेल टाकून कडेला बसलो होतो. कुस्ती लागली तेव्हा उन्हं कलली होती.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. समोरचा जड. तो सारखा खाली शिरून पाय धरायला, पट काढायला बघत होता आणि आमचा निसटत होता. दोघं सुटे झाले की आमचा पैलवान वाकायचा, मूठभर माती घ्यायचा आणि उजव्या गुडघ्याला चोळायचा. एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. घामानं हात सुटू नये म्हणून माती चोळतात, ती हाताला, मानेला, दंडाला. गुडघ्याला कोण चोळतं? पण मी शहाणा ना! मी आजूबाजूच्यांना समजावून सांगितलं, ‘बगा, गुडघ्याला माती लावली. आता गुडघा टेकून घिस्सा वढनार. लिहून ठेवा माझं.’ चार जणांनी माना डोलावल्या. ज्यानं जन्मात लंगोट कसला नाही त्याला कडेला बसून सगळे डाव कळतात. नंतर समजलं, त्याचा गुडघा आठ दिवस आधीपासूनच सुजलेला होता. पट्टी बांधली तर समोरच्याला दुखरी जागा दिसते, म्हणून त्यानं ती काढून ठेवली होती. मलम मात्र लावलं होतं. ते चकाकू नये, सूज दिसू नये, म्हणून वरून माती चोळत होता.

विसाव्या मिनिटाला पंच मधे आले. ‘बरोबरीत सोडवूया का?’ दोघांना विचारलं. असं विचारायची रीत आहे. दोघांनी हात वर केले की कुस्ती बरोबरीत सुटते, मल्ल एकमेकांना मिठी मारतात, कुणाच्याच पाठीला माती लागत नाही. दिल्लीवाल्यानं हात वर केला. तो दमला होता. आमच्या पैलवानाचा उजवा हात कमरेपासून निघाला आणि छातीपर्यंत आला. मी तो बघितला. घाम पुसायला निघाला होता, मला नीट दिसलं नाही, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. पण मला दिसलं होतं, आणि मला त्याचा राग आला होता. तीन वाजल्यापासून मी तिथं बसलेलो. आजूबाजूच्यांना घिस्सा दाखवतो म्हणून बसलेलो. माझा पैलवान आणि बरोबरी?

‘सोडवायची न्हाई! निकाल पायजे! निकाल!’

नेमका त्याच वेळी हलगीवाला हलगी शेकायला जाळापाशी गेला होता. त्यामुळं अख्ख्या मैदानात माझा एकट्याचा आवाज घुमला. मग मागून दहा जण, शंभर जण, सगळं मैदान ओरडायला लागलं, ‘निकाल! निकाल!’ पैलवानानं माझ्या बाजूला बघितलं. हात खाली गेला. त्या हातानं त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली आणि पुढं सरकला.

पुढचं दोन मिनिटांत आटपलं. दिल्लीवाला पटात शिरला. आमचा गर्रकन फिरला, पण पाय मातीत रुतलेला होता. अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. आवाज झाला. मोठा नव्हता, पण मी कडेलाच होतो, मला ऐकू आला. मग तो उताणा पडला आणि दिल्लीवाला वर. पंचांनी शिट्टी मारली. मी मागितलेला निकाल लागला.

त्याच्या तालमीचे वस्ताद आत धावले, मागोमाग मी. ‘वाटी सरकलीया, बसवतो,’ म्हणून वस्तादांनी पाय धरून ओढला. आमच्याकडं तालमीत असंच करतात, पूर्वापार. मी पैलवानाचे खांदे दाबून धरले होते. तो ओरडला नाही. त्यानं माझं मनगट धरलं होतं आणि त्याच्या बोटांचे वळ पुढं आठ दिवस माझ्या हातावर होते. जीपमधे घालताना मी बघितलं तर त्याच्या पाठीला माती तशीच होती. दिल्लीवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. पैलवानाची पाठ कुणी झाडली नाही. मला सुचलं तोवर जीप डांबरीला लागली होती.

दोन दिवसांनी कराडला ऑपरेशन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. वस्ताद खाली चहाला गेले होते. पैलवान पडला होता, पाय उशीवर. मला बघून हसला. ‘मामा, तुमचा आवाज आला बगा,’ म्हणाला. ‘न्हाईतर मी हात वर करनार हुतो. म्हटलं, मामा सोडवू नगा म्हनत्यात, म्हंजी बाहेरनं बगनाऱ्याला आपल्यात आजून दम दिसतोय.’

हे तो कौतुकानं सांगत होता. अगदी मनापासून. माझे आभार मानल्यासारखं. मी ‘व्हय व्हय’ म्हणालो आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. तिथं तोंडावर पाणी मारत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. वाटत होतं, ह्या घशात गिरणीचा तापलेला दगड घालावा.

तेवढ्यात डॉक्टर आले, फोन कानाला लावून, घाईत. सहा महिने विश्रांती लागणार, एवढं मला नर्सकडून कळलं होतं. मी आडवा गेलो. ‘साहेब, सहा महिने विश्रांती झाली की पैलवानाचं...’ पुढचे शब्द निघालेच नाहीत. माझा घसा बसला होता, जन्मात पहिल्यांदा. डॉक्टरांनी फोनवर हात धरला, माझ्या खांद्यावर थोपटलं. ‘चालेल, चालेल. काळजी करू नका,’ म्हणाले आणि गेले.

चालेल! एक शब्द, तोही दोनदा. मला वाटलं, देवानं पदरात घेतलं. सहा महिने विश्रांती, मग चालेल. म्हणजे मी काही कायमचं मोडलेलं नाही. मी केलं ते सहा महिन्यांत भरून निघण्याजोगं आहे. पायरीवर बसलो आणि मेसेज लिहिला. वर आत जाऊन पैलवानालाही सांगितलं, ओरडूनच, घसा तोवर सुटला होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला. पैलवान माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘बरं मामा.’

ते सहा महिने मी पैलवानाची वकिली केली. दुसरं काम नाही. मोबाईलवर त्या कुस्तीची क्लिप फिरत होती आणि खाली लोक वाट्टेल ते लिहीत होते. पैलवान संपला. पैलवान घाबरून बसला. पैलवानाला आता लगीन करायचंय, विश्रांतीचं नुसतं निमित्त. ज्यांना स्वतःच्या पोटाखालचे पाय दिसत नाहीत असली माणसं हे लिहीत होती. एकदा गिरणीत एक जण आला, गव्हाचा डबा ठेवला आणि म्हणाला, ‘पळाला न्हवं तुमचा पैलवान?’ मी पट्टा बंद केला, त्याचा डबा उचलला आणि रस्त्यावर नेऊन ठेवला. म्हटलं, ‘जा, दातानं दळ.’ तो गेल्यावर बायको बाहेर आली. ‘आवं, गिऱ्हाइकं तोडायलाय का जोडायलाय?’ मग माझं तोंड बघून जरा नरमली. ‘देवबी चार म्हैने झोपत्यात. ह्यो सहा झोपू दे की. एवढं काय जिवाला लावून घ्यायचं?’

तिला मी सांगितलं नव्हतं. ओरडलो ते मी, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्यांनी ऐकलं होतं ते विसरले, कारण ओरडले सगळेच. आधी कोण, नंतर कोण, हे कोण ध्यानात ठेवतं? मी ठेवलं. गिरणी सुरू झाली की घरघरीत मला ‘निकाल, निकाल’ ऐकू यायचं. दिवस मोजायचो. चार महिने राहिले, तीन राहिले. तो मातीत उतरला की सुटलो, एवढंच डोक्यात. त्यानं शड्डू ठोकला की माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. देवाला कधी काही मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं.

मधे दोनदा त्याच्या वाडीला जाऊन आलो. एकदा तो ओट्यावर पाय सोडून बसला होता, एकदा भिंत धरून चालत होता. मी म्हणायचो, ‘आता काय, थोडं ऱ्हायलं.’ तो म्हणायचा, ‘बगू मामा.’ सोयरिकीच्या बैठकीत कुणी ‘बघू’ म्हणालं की ते ‘नाही’ असतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही. दारातल्या दोरीवर पूर्वी लंगोट वाळत असायचा, तिथं नुसती घरची कापडं वाळत होती. तेही मला दिसलं आणि कळलं नाही.

आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात असते. सहा महिने पुरून उरले होते. कमिटीच्या बैठकीत पहिल्या नंबरची कुस्ती कुणाची, हा विषय निघाला आणि मी उठून उभा राहिलो. ‘आपला पैलवान! विश्रांतीनंतर पैल्यांदा, आपल्या मातीत! माझा शब्द हाय.’ टाळ्या पडल्या. पोस्टर छापून आलं. मधोमध त्याचा फोटो, खाली लाल अक्षरात ‘प्रदीर्घ विश्रांतीनंतर प्रथमच!’ मल्लाला कुस्तीचं आवतण द्यायला आमच्याकडं नारळ घेऊन जातात. नारळ घेतला की मल्लानं शब्द दिला. सगळे म्हणाले, नारळ मामांनीच न्यायचा. खरं तर नारळ आधी द्यायचा आणि पोस्टर मग छापायचं. पण माझ्याजवळ डॉक्टरांचा शब्द होता, मग भीती कसली?

सकाळी नारळ आणि पोस्टरची गुंडाळी घेऊन मी पलीकडं गेलो. वाडीच्या अलीकडंच तो दिसला. बांधावरून येत होता, डोक्यावर कडब्याचा मोठा भारा. ताठ चालत होता. लंगडणं नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लांबूनच ओरडलो, ‘पैलवान! आरं, काय झ्याक चालायलास रं!’ बगळे उडाले रानातले.

घरी गेलो. त्यानं भारा टाकला, हातपाय धुतले, चहा आणला. मी पोस्टर त्याच्या पुढ्यात पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या आणि वर मधोमध नारळ. तो आपल्याच फोटोकडं बराच वेळ बघत बसला. मोडलेला कान खाजवत. मग म्हणाला, ‘मामा, डॉक्टर तुमाला काय म्हनालं हुतं?’

‘चालंल म्हनालं. एकदा न्हाई, दोनदा. चालंल, चालंल.’

‘मग? चालतोय की मी.’

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करायलाय. हसत हसत त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर तो हसत नव्हता.

‘म्हंजी?’ मी म्हटलं.

‘म्हंजी चालायचं. बांधावनं, रानात, बाजारला. मातीत न्हाई. वस्तादास्नी आन मला त्यांनी पैल्याच दिशी सांगितलं हुतं. पुन्यांदा गुडघा वळला तर काठी लागंल, जलमभर.’

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

‘आन मला का न्हाई रं सांगितलंस?’

‘तुमी लय खुशीत हुता,’ तो म्हणाला. ‘दवाखान्यात आलासा, वरडून सांगितलंसा. तवर सगळ्या मुलखाला कळवून बसला हुता. म्हटलं, सहा म्हैने तर सहा म्हैने. लोक फोन करून इचारायचं, कवा येनार पैलवान, कवा येनार. मलाबी तेवढंच बरं वाटायचं ऐकून.’

मला बोलायचं होतं. आठ महिने ज्याचं ओझं घेऊन फिरत होतो ते एकदा बोलून टाकायचं होतं. ‘त्या दिवशी मी वरडलो नसतो तर...’ एवढंच निघालं.

तो पोस्टरवरच्या फोटोकडं बघत होता. ‘हात वर करनार हुतो,’ म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला होता तसंच, तेच शब्द. फक्त कौतुक नव्हतं त्यात. रागही नव्हता. राग असता तर मी पाय तरी धरले असते.

मी नारळ उचलायला गेलो. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. ‘आनलेला नारळ माघारी न्हेत न्हाईत मामा. ठिवा. येतो मी जत्रंला. तुमच्या शेजारी बसून बगतो.’ नारळ आपल्याकडं ओढून घेतला. ‘तुमी फकस्त वरडू नगा.’

कमिटीला मी सांगितलं. शिव्या खाल्ल्या, खायलाच पाहिजे होत्या. पोस्टरं तोवर पलूस, कराडच्या स्टँडपर्यंत लागली होती. दुसरी जोड ठरली आणि पैलवानाच्या फोटोवर चिकटवायला कागदाच्या पट्ट्या छापून आणल्या. ते काम मी मागून घेतलं. बायकोनं खळ शिजवली, माझ्याच गिरणीच्या पिठाची. तिला तोवर सगळं सांगून झालं होतं. ती खळ ढवळत राहिली आणि पातेलं उतरताना म्हणाली, ‘गरम हाय, जपून.’ दोन दिवस मी गावोगाव हिंडून त्याच्या तोंडावर पट्ट्या चिकटवल्या. काही ठिकाणी खळ पातळ झाली, तिथं कागदातून त्याचे डोळे दिसत होते. तिथं दुसरी पट्टी लावली.

जत्रेला तो आला. पांढरा सदरा, डोक्याला कमिटीनं बांधलेला फेटा. स्टेजवर खुर्ची ठेवली होती, ती सोडून माझ्या शेजारी मातीत येऊन बसला, उजवा पाय लांब करून. लोक येऊन त्याच्या पाया पडत होते आणि विचारत होते, ‘कवा पैलवान?’ तो सगळ्यांना म्हणत होता, ‘बगू.’

शेवटची कुस्ती लागली. दोघं पोरंच म्हणायची, विशी-बाविशीची. चांगली लढत होती. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. दोघांच्या तोंडाला फेस. त्यातला एक जण उभा राहिला की डावा खांदा आवळून धरत होता. आणि मग त्यानं वाकून माती घेतली आणि त्या खांद्याला चोळली. मी शेजारी बघितलं. पैलवानानंही ते बघितलं होतं. त्याचा हात आपल्याच गुडघ्यावर गेला होता.

पंच मधे आले. पोरानं हात उचलायला घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘निकाल!’ मग दहा जण, मग सगळं मैदान.

वरडू नगा म्हणाला होता तो. पण मी उठलो. ‘सोडवा! आरं, सोडवा रं! बरोबरीत सोडवा!’ होता नव्हता तेवढा घसा लावला. आवाज पोचला, सगळीकडं पोचला. लोक हसले. ‘मामाला काय झालं रं?’ ‘म्हाताऱ्यानं पैसं खाल्लंय!’ एका गड्यानं मागून माझी कॉलर धरली, ‘खाली बस की, दिसंना झालंय,’ आणि मागं ओढलं. मी उताणा पडलो, मातीत. पंच बाजूला झाले. ती दोघं पुन्हा भिडली.

पैलवान उठला. चांगला गुडघा टेकून, दुसरा सावरत, वेळ लागला त्याला. त्यानं हात देऊन मला उभं केलं. मग मला पाठमोरा फिरवलं आणि माझ्या पाठीची माती झाडायला लागला. आधी खांद्यावरची, मग कमरेपर्यंतची, तळहातानं, नीट, घाई न करता. पुढ्यात सगळं मैदान ओरडत होतं. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

‘चला मामा,’ तो म्हणाला. माणसं सरकली, आम्ही वाट काढत बाहेर आलो. तो माझ्या पुढं चालत होता. मागं मोठा गलका झाला, म्हणजे निकाल लागला होता. आम्ही दोघांनीही वळून बघितलं नाही.